पाच टक्के कुठे कुठे लिहिले आहेत?

संयुक्त अरब अमिरातीतील कंपन्यांसमोर सध्या ई-इनव्हॉइसिंगचे मोठे काम उभे आहे. अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार, वार्षिक उलाढाल पाच कोटी दिरहम किंवा त्याहून अधिक असलेल्या व्यवसायांना १ जानेवारी २०२७ पासून देयके ठरावीक इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी लागतील. लहानांची पाळी त्याच वर्षीच्या जुलैत. दुबई, अबुधाबी आणि शारजा येथील अनेक मराठी प्रोग्रॅमरांच्या वाट्याला हे काम आले आहे किंवा येणार आहे. त्यातला नवा कोड लिहिणे तुलनेने सोपे. अवघड आहे ते जुना कोड वाचणे. कर आकारणारा आणि तारखा मोजणारा तो कोड कोणी लिहिला हे नोंदीत सापडते. तसाच का लिहिला हे सांगणारा माणूस बहुधा टोरांटोला किंवा परत पुण्याला गेलेला असतो.

आखाती देशांत हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक टोचतो, कारण येथे नियमही वेगाने बदलतात. १ जानेवारी २०१८ रोजी अमिराती आणि सौदी अरेबिया या दोन्ही देशांत पाच टक्के व्हॅट लागू झाला. मुदत जवळ आलेली असताना हिशेबाच्या प्रत्येक ओळीत सरळ ०.०५ लिहून मोकळे होण्याचा मोह साहजिक होता. पुढे १ जुलै २०२० रोजी सौदीने दर पंधरा टक्क्यांवर नेला, २०२२ च्या आरंभी बहारीनने दहावर. अमिरातीचा पाचच राहिला. दुबईत बसून रियाध आणि मनामाचीही बिले काढणाऱ्या प्रणालीत मग ते सगळे ०.०५ शोधावे लागतात. शोधून सरसकट बदलताही येत नाहीत. कारण तोच आकडा कुठे कर असतो, कुठे सवलत, कुठे दलाली. आकड्याला नाव दिले असते, देशानुसार दर एका जागी ठेवले असते, तर एका दुपारचे काम होते.

आठवडी सुट्टीची कथा याहून रंजक आहे. २००६ मध्ये अमिरातीने गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शुक्रवार-शनिवारवर आणली. ७ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा घोषणा झाली: १ जानेवारीपासून केंद्रीय सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवारी अर्धा दिवस. शारजाने मात्र शुक्रवारसह तीन दिवसांची सुट्टी स्वीकारली. वेतन, रजा, बँकेचे व्यवहार, माल पोचवण्याच्या तारखा या सर्वांचा हिशेब चार आठवड्यांच्या आत बदलायचा होता. ज्या कोडमध्ये ‘वार पाच किंवा सहा असेल तर’ एवढेच लिहिलेले असते, तिथे पाच म्हणजे कोणता वार, आठवडा रविवारपासून मोजला की सोमवारपासून, इथून सुरुवात होते. (त्याच १ जानेवारीला मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजचे सर्व्हर जगभर टपाल अडवून बसले, तारखेपासून बनवलेला आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावला नाही.)

असे दोष कोड रिव्ह्यूमध्येच पकडले जावेत अशी अपेक्षा असते. या पद्धतीला शिस्त दिली ती आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी, १९७६ च्या निबंधातून: काही जणांनी एकत्र बसून, कामे वाटून घेऊन, कोड ओळीओळीने वाचायचा. आज तो पडद्यावर, एकट्याने, बैठकांच्या फटीत वाचला जातो. एकाच डोळ्यावर विसंबणे किती महाग पडते हे २०१४ च्या हार्टब्लीड दोषाने दाखवले. तो कोडही ओपनएसएसएलच्या एका सदस्याने तपासूनच स्वीकारला होता.

मराठी कारभाराला ही कल्पना परकी नाही. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी अण्णाजी दत्तो यांच्याकडे असलेल्या सचिवपदाचे एक कर्तव्यच होते, की राजपत्रे बारकाईने वाचावीत आणि उणे-अधिक अक्षर वा मजकूर दुरुस्त करावा. मोर्तब उमटे ते मजकूर संपल्याची खूण म्हणून, मागाहून कोणी भर घालू नये यासाठी. तपासणी वेगळी, शिक्का वेगळा. आजच्या अनेक कार्यालयांत पहिली गळाली आहे आणि शिक्कामोर्तब तेवढे उरले आहे.

याचे खापर केवळ आळसावर फोडता येणार नाही. अमिरातीत निवासाचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीशी बांधलेला, आणि पुष्कळदा कुटुंबाचा परवाना त्या एकट्याच्या परवान्यावर. अशा स्थितीत टीम लीडच्या कोडवर ‘हे कळले नाही’ अशी टिप्पणी लिहायला कनिष्ठ कचरतो. खरे तर रिव्ह्यूतील सर्वांत मोलाचे वाक्य तेच. जो कोड सहकाऱ्याला आज कळत नाही, तो दोन वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसाला कळणे दुरापास्त.

कृत्रिम बुद्धिमत्तेने यात नवी गुंतागुंत आणली आहे. २०१७ मध्येच या विषयाचा स्वतंत्र मंत्री नेमणाऱ्या देशात यंत्राकडून कोड लिहून घेण्याचा उत्साह अर्थातच मोठा आहे. यंत्राचा कोड दिसायला नीटनेटका असतो, नावे सुबक, टिप्पण्या भरपूर. त्या टिप्पण्या कोड काय करतो ते सांगतात; शारजातील ग्राहकासाठी शुक्रवार का वगळला, ते सांगत नाहीत, कारण ते यंत्राला कोणी सांगितलेले नसते. लिहिण्याचा वेग वाढला, वाचणाऱ्यांची संख्या तीच राहिली.

म्हणून ई-इनव्हॉइसिंगच्या अंदाजपत्रकात जुना कोड वाचण्याचे तास वेगळे धरावे लागतील. येथील कामगार कायद्याने खासगी नोकरीत ३० ते ९० दिवसांची नोटीस ठरवली आहे. ते दिवस बहुतेक ठिकाणी उरलेली कामे उरकण्यात जातात. त्यातला एखादा आठवडा जाणाऱ्याने गप्प बसावे, येणाऱ्याने त्याचा कोड मोठ्याने वाचावा, आणि तो जिथे अडखळेल तिथे जाणाऱ्याने आपल्या हाताने कारण लिहून ठेवावे.