खोट्या लांकडाचा खरा जीर्णोद्धार

अमेरिकेंतील जुन्या स्टेशन वॅगन मोटारींच्या दोन्ही बाजूंस लांकडाचा आभास करणारा जो पापुद्रा चिकटविलेला असतो, तो उन्हानें विटून तडकला म्हणजे त्याचें काय करावें, याविषयीं दोन मतें आमच्या ऐकण्यांत आलीं आहेत. एक पक्ष म्हणतो, "जें मुळांतच खोटें, त्याचा जीर्णोद्धार कसला? खरवडून टाका आणि रंग द्या." दुसरा म्हणतो, "खोटें काढून तेथें खरें लांकूड बसवा." आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात, आणि दुसरा पहिल्यापेक्षां अधिक चुकतो.

प्रथम इतिहास पाहूं. रेल्वेचे उतारू व त्यांचें सामान हॉटेलांत पोंचविण्याकरितां लांकडी बांधणीच्या मोटारी निघाल्या, त्यांवरून स्टेशन वॅगन हें नांव पडलें. पुढें त्या श्रीमंतांच्या खेड्यांतील वाड्यांवर गेल्या आणि लांकूड हें ऐश्वर्याचें चिन्ह झालें. पण त्या लांकडाला वरचेवर वॉर्निश द्यावें लागे. सांधे खिळखिळे होत, पावसानें तें कुजे. १९४६ सालीं विलीज कंपनीनें सबंध पोलादी स्टेशन वॅगन काढून तिला लांकडासारखा रंग दिला. १९५२ सालीं फोर्डची 'कंट्री स्क्वायर' पोलादी झाली. पत्र्यावर महोगनीचा छापील पापुद्रा आला, आणि भोंवतालच्या पट्ट्या तेवढ्या कांहीं काळ खऱ्या लांकडाच्या राहिल्या. पुढें त्याहि फायबरग्लासच्या झाल्या. ही गाडी १९९१ पर्यंत निघत होती. 'कंट्री स्क्वायर' म्हणजे खेड्यांतला जमीनदार. ती घेणारा मात्र बहुधा उपनगरांतला मुलाबाळांचा गृहस्थ! त्या पातळ पापुद्र्यांत एका सबंध मध्यमवर्गाची आकांक्षा सांठविलेली आहे.

प्रतिपक्ष येथें रस्किनला साक्षीस बोलावील. १८४९ सालच्या 'सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथांत त्यानें एका पदार्थावर दुसऱ्याचा आभास रंगविणें हें असत्य ठरविलें, हें खरें. परंतु त्याच ग्रंथांत इमारतींवरील सोन्याच्या मुलाम्याला त्यानें दोष दिला नाहीं; कारण तें सोनें भरीव आहे असें कोणीच समजत नाहीं. हीच कसोटी येथें लावावी. पोलादी दारावरील महोगनी पाहून कोण फसतो? ज्यांच्या टेबलावर सागाच्या रेषांचा सनमायका आहे, त्या आमच्या वाचकांनीं तरी या पापुद्र्यास हंसूं नये.

उलट, १९६५ सालच्या पोलादी गाडीवर खऱ्या लांकडाच्या फळ्या बसविणारा मनुष्य कधींच नव्हती अशी गाडी निर्माण करितो. खरें लांकूड तेथें खोटी साक्ष देतें! फसवणूक म्हणावयाची ती हीच.

रस्किन जीर्णोद्धारालाहि असत्यच म्हणतो, आणि हा त्याचा इशारा मात्र आम्ही शिरोधार्य मानतों. म्हणून जो पापुद्रा अद्याप पत्र्याला धरून आहे, त्यास हात लावूं नये. जो निर्जीव झाला, त्याचीं छायाचित्रें घ्यावीं, रेषांची दिशा व सांध्यांच्या जागा टिपून ठेवाव्या. मग गरम हवेनें मऊ करून तो हळूहळू सोलावा. जुना डिंक निःशेष काढावा. पट्ट्यांच्या छिद्रांत पाणी मुरून गंज धरतो, तो आधीं घालवावा. गंजावर नवा पापुद्रा चढविणें हीच खरी लबाडी होय. नवा पापुद्रा साबणाच्या पाण्यावर पसरून मधून कडेकडे दाबीत न्यावा, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहींत. त्यास मुद्दाम जुनाट रूप देऊं नये, आणि काय बदललें त्याची नोंद गाडीबरोबर ठेवावी.

एवढी दगदग छापील लांकडासाठीं कां, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, भरीव सोनें आणि अस्सल महोगनी एवढेंच जतन केलें, तर मागें श्रीमंतांचाच इतिहास उरेल. ज्यांना तें परवडलें नाहीं, पण ज्यांनीं त्याची हौस बाळगली, त्यांचा इतिहास या पापुद्र्यावर छापलेला आहे. तो खरवडूं नये, आणि सुधारूंहि नये.