रक्ताचा रिपोर्ट एआयला दाखवताय? आधी युनिट बघा!

गेल्या आठवड्यात शिरपूरहून आतेभावाचा मेसेज आला. दोन फोटो होते. पहिल्यात आत्याचा रक्ताचा रिपोर्ट, दुसऱ्यात एका एआय चॅटबॉटचा स्क्रीनशॉट: सीआरपी वाढलाय, गंभीर न्यूमोनियाचा धोका जास्त. खाली त्याचा प्रश्न: "भाऊ, हाई काय शे? नाशिकले लई जाऊ का?"

आत्याला चार दिवस ताप आणि खोकला होता, फ्लूची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. मी डॉक्टर नाही. जळगावला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात कोड लिहितो. पण हीच चूक मी स्वतः २०२१ मध्ये करून बसलोय, त्यामुळे यावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो.

हे मार्कर नक्की काय सांगतात?

सीआरपी हे लिव्हरने बनवलेलं प्रोटीन. शरीरात कुठेही जळजळ सुरू झाली की आयएल-६ नावाचा सिग्नल लिव्हरला जातो आणि काही तासांत सीआरपी वाढतो. म्हणजे हा धुराचा अलार्म. आग लागली एवढं कळतं, कुठे आणि किती ते नाही. एलडीएच हे पेशींच्या आत राहणारं एन्झाइम. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं, म्हणून फुफ्फुसांचं नुकसान झालं की वाढतं. पण ते लाल पेशींमध्येही असतं. रक्त काढताना त्या फुटल्या, किंवा सॅम्पल बाइकच्या डिकीत आदळत लॅबला पोहोचलं, तरी आकडा वाढू शकतो. डी-डायमर म्हणजे रक्ताच्या गुठळ्या विरघळताना उरणारे तुकडे. आणि गंभीर कोविडमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा घटतात.

सगळे खरे सिग्नल आहेत. गडबड होते ती त्यावरून भविष्य सांगायला निघाल्यावर.

एप्रिल २०२१: माझा पराक्रम

आबा अमळनेरला राहायचे. वय ७१, शुगर. कोविड झाला, धुळ्यात एका खासगी हॉस्पिटलमध्ये बेड मिळाला (त्या महिन्यात बेड मिळणं हीच बातमी होती). मी पुण्यात लॅपटॉपसमोर. वडिलांनी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला आणि मी 'फोर-सी मॉर्टॅलिटी स्कोअर'चं ऑनलाइन कॅल्क्युलेटर उघडलं.

हा स्कोअर हवेतला नाही. ब्रिटनमधल्या २६० हॉस्पिटलांच्या डेटावरून तो बनला आणि सप्टेंबर २०२० मध्ये 'बीएमजे'त आला. ३५,४६३ रुग्णांवर तयार केला, नंतर आणखी २२,३६१ रुग्णांवर तपासला. आठ गोष्टी भरायच्या, एकूण २१ गुण. गुण जास्त तर धोका जास्त.

मी भरलं: वय ७१, पुरुष, डायबेटिस, श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९०, शुद्धीत, सीआरपी ६८, युरिया ३८. स्कोअर आला १५. हा सगळ्यात वरचा गट, आणि अभ्यासात या गटातले सुमारे ६२ टक्के रुग्ण दगावले होते. मी घरी फोन केला आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता नाशिकला हलवा. वडिलांनी ॲम्ब्युलन्सवाल्याशी बोलणीही सुरू केली. ऑक्सिजनवरचा माणूस, दीडशे किलोमीटर, आणि पलीकडे बेड मिळेल याची खात्री नाही.

थांबवलं ते रात्रपाळीच्या डॉक्टरांनी. त्यांनी वडिलांच्या फोनवर माझा स्क्रीनशॉट पाहिला आणि विचारलं, "युरियाचं युनिट काय टाकलंय?"

आपल्याकडच्या लॅब युरिया साधारण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. ब्रिटनचं कॅल्क्युलेटर मिलिमोल प्रति लिटर मागत होतं. त्यासाठी ३८ ला साधारण ६ ने भागायचं, म्हणजे ६.३. सातच्या खाली, गुण शून्य. मी ३८ तसंच टाकलं आणि आबांना फुकटचे ३ गुण दिले. खरा स्कोअर १२ होता. तो गटही धोक्याचाच, सुमारे ३१ टक्क्यांचा, पण त्यासाठी मध्यरात्री नाशिक गाठायची गरज नव्हती. ऑफिसमध्ये फॉर्मवर व्हॅलिडेशन नाही म्हणून मी ज्युनिअरचा कोड परत पाठवतो. इथे स्वतः लेबल वाचलं नाही.

सीआरपीतही हाच घोळ होतो. एका लॅबचा ६.८ आणि दुसरीचा ६८ एकच असू शकतो, कारण एक डेसिलिटरमध्ये, दुसरी लिटरमध्ये मोजते.

आबा सोळा दिवसांनी घरी आले. त्यावरून १२ बरोबर आणि १५ चूक असं सिद्ध होत नाही. १५ वाल्या गटातलेही शंभरातले ३८ घरी गेले होते. स्कोअर गटाबद्दल बोलतो. आपण त्यात आपल्या माणसाचं नाव वाचतो.

वुहानचं मॉडेल का गडबडलं?

मे २०२० मध्ये वुहानच्या संशोधकांचा एक पेपर खूप गाजला. एलडीएच, सीआरपी आणि लिम्फोसाइट, फक्त तीन आकडे, आणि ९० टक्क्यांहून जास्त अचूकतेने मृत्यूचा अंदाज, तोही दहा दिवस आधी! एलडीएच ३६५ च्या वर का खाली, इथून प्रश्न सुरू. इतकं सोपं की एक्सेलमध्ये बसेल.

मग नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यूयॉर्कमधल्या गटांनी ते आपापल्या रुग्णांवर चालवून पाहिलं. तितकं चाललं नाही. मोठं कारण आपल्या धंद्यातलं आहे: मॉडेलला शिकवताना प्रत्येक रुग्णाचं शेवटचं सॅम्पल वापरलं होतं. शेवटच्या सॅम्पलमध्ये माणूस कुठे चाललाय ते बहुतेकदा दिसतंच. परीक्षेच्या आदल्या रात्री पेपर फुटल्यासारखं. डॉक्टरला उत्तर हवं असतं ॲडमिशनच्या दिवशी.

दुसरी गोष्ट, ज्या ३७५ रुग्णांवर ते शिकलं, त्यातले १७४ वारले होते. जवळपास निम्मे. अशा गर्दीत शिकलेल्या मॉडेलला मरण जास्त दिसणारच.

हे आपल्या जिल्ह्यावरून समजून घ्या. जून २०२० च्या सुरुवातीला जळगावात सापडलेल्या कोविड रुग्णांमधला मृत्युदर १० टक्क्यांच्या वर होता, तेव्हा देशाचा ३ टक्क्यांच्या आसपास. विषाणू तोच. टेस्ट किती होतात, माणूस किती उशिरा हॉस्पिटलला पोहोचतो, तिथे काय सोय आहे, यावर तो आकडा हलतो. मग त्या महिन्यातल्या जळगावच्या डेटावर मॉडेल बनवून दुसरीकडे लावलं तर? फोर-सी स्कोअरलाही हे लागू आहे. तो शिकला फेब्रुवारी ते मे २०२० च्या रुग्णांवर, आणि डेक्सामेथासोन जीव वाचवतं हे जूनमध्ये कळलं. म्हणजे माझे ६२ टक्के आणि ३१ टक्के, दोन्ही त्या औषधाच्या आधीच्या जगातले.

मग रक्त तपासायचंच नाही का?

तपासायचं, पण डॉक्टर सांगतील तेव्हा. 'रिकव्हरी' चाचणीत ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा जास्त, अशा ४,११६ रुग्णांवर टॉसिलिझुमॅब तपासलं. नेहमीच्या उपचारात ३५ टक्के वारले, औषध मिळालेल्यांत ३१. इथे सीआरपीने ठोस काम केलं, पण ऑक्सिजनच्या जोडीने आणि ठरलेल्या प्रश्नासाठी. उलट ३ मे २०२१ ला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य रुग्णांनी असल्या टेस्ट करत बसू नये असं सांगितलं होतं. आकडा वाढलेला दिसला की लोक घाबरतात आणि गरज नसताना स्टेरॉइड सुरू होतं.

आणि एक गंमत बघा. फोर-सीच्या २१ गुणांत रक्ताचे फक्त ५: युरियाचे ३, सीआरपीचे २. एकट्या वयाचे ७. न्यूमोनियासाठी जुना 'सीआरबी-६५' स्कोअर तर रक्ताशिवायच चालतो. गोंधळलेपण, श्वासाचा वेग, बीपी आणि वय, बस. रात्री लॅब बंद असलेल्या तालुक्याच्या गावात हे सोन्यासारखं आहे.

म्हणून आतेभावाला मी सीआरपीबद्दल काहीच सांगितलं नाही. त्याला चार गोष्टी विचारल्या. आत्या नीट बोलते का, ऑक्सिमीटरवर किती, बीपी किती, आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. मोजतोय हे तिला सांगू नको, नाहीतर वेग बदलतो.

दहा मिनिटांनी उत्तर आलं: ऑक्सिजन ९७, श्वास १८, बीपी १२८/८०, आणि आत्या विचारतेय की तू दिवाळीला येतोस का. मी म्हटलं नाशिक राहू दे, सकाळी शिरपूरच्याच डॉक्टरांना रिपोर्ट दाखव. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा दम लागला तर सकाळची वाट बघू नको, लगेच हॉस्पिटलला निघ.