घराची शाळा कोणाला परवडते?

दसरा उलटला की गेवराई तालुक्यातील वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एकेक 'कोयता' पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतो आणि त्याच्याबरोबर हजेरीपटावरची मुलेही जातात. गोदावरीचा काठ आणि जायकवाडीचा उजवा कालवा लाभलेल्या, गढी येथे साखर कारखाना असलेल्या तालुक्याची ही स्थिती आहे. ही मुले फडावर असताना शहरांतील सुस्थित वर्गात मात्र 'मुलाला शाळेत घालायचेच कशाला? घरीच शिकवावे' हा विचार प्रतिष्ठा पावू लागला आहे.

हा विचार सरसकट हास्यास्पद ठरविता येणार नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील जनगणना विभागाच्या पाहणीनुसार मुलांना घरी शिकविणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे प्रमाण २०२०च्या वसंतात ३.३ टक्के होते. त्याच वर्षीच्या शरदात ते १६.१ टक्क्यांवर गेले. महामारी हे तात्कालिक कारण खरे, परंतु मूळ त्याहून खोल आहे. त्यांच्या मुलांना शाळेतून निलंबित करण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या कित्येक पट आहे आणि पाठ्यपुस्तकांत त्यांचा इतिहास गुलामीच्या प्रकरणापुरताच उरतो. ज्या समाजाच्या पूर्वजांना लिहायला शिकविणे हा दक्षिण कॅरोलायनात १७४०च्या कायद्याने गुन्हा होता, त्याने शाळेकडे संशयाने पाहावे यात नवल नाही.

मात्र याच इतिहासातील एक अध्याय विसरता कामा नये. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा बेकायदा ठरविल्या. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसविण्यापेक्षा १९५९ साली सार्वजनिक शाळाच बंद करून टाकल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांना घरांत आणि चर्चच्या तळघरांत जमेल तसे शिकविण्यात आले; अनेकांची वर्षेच्या वर्षे वाया गेली. तेथील पालकांनी घरच्या वर्गांवर समाधान मानले नाही. ते न्यायालयात लढले आणि १९६४ साली त्यांनी शाळा पुन्हा उघडावयास लावल्या. घर हा त्यांचा आपत्काळातील आसरा होता. हक्क त्यांनी सार्वजनिक शाळेवरच सांगितला.

महाराष्ट्राला हे नाते परके नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग घेतो. गेवराईच्या संदर्भात आज हाच हिशेब मांडावा लागतो.

घरी शिकविण्यास प्रथम वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते. एका पालकाने मिळकत सोडावी किंवा रात्रपाळी पत्करावी, तेव्हा घराची शाळा होते. ऊसतोडणीची मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४मधील ३४ टक्के वाढीनंतर हा दर टनाला ३६६ रुपये झाला, आणि तो दोघांच्या श्रमाचा आहे. पहाटेच्या अंधारात फडावर गेलेली आई पाटी हातात घेणार कधी? उलट कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणारी, पाणी भरणारी थोरली मुलगीच त्या मजुरीचा न मोजलेला भाग असते. पुढे तिचे शिक्षण सुटते आणि लग्न लवकर उरकले जाते.

कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळा २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर बहुतांशी मागे पडल्या. जवळच्या नियमित शाळेत मुलांना प्रवेश द्यावा, ही त्यामागील भूमिका तत्त्वतः योग्यच होती. परंतु शिक्षण हमी पत्रक हाती असले तरी फडापासून शाळेपर्यंत मुलाला नेणार कोण, हा प्रश्न राहिलाच. गावातील हंगामी वसतिगृहाचा आदेश कोयते गेल्यानंतर निघाला, तर तो कागदावरच राहतो. २०२१ साली शासनाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. तिचे मोजमाप किती मुले, विशेषतः मुली, हंगामभर गावात राहिल्या यावरून झाले पाहिजे. शिवाय २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला. जेथे पालकांच्या स्थलांतरामुळेच पट घटतो, तेथे घटलेल्या पटाचे कारण देऊन शाळा हलविणे म्हणजे गरिबीची शिक्षा गरिबालाच देणे होय.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. वसतिगृहांची मंजुरी दसऱ्यापूर्वी, सप्टेंबरअखेर मिळावी. मुलींसाठी स्त्री-अधीक्षकासह सुरक्षित निवास असावा. जी मुले तरीही जातील, त्यांची शाळेपर्यंतची ने-आण आणि लहानग्यांचे पाळणाघर यांचा खर्च कारखान्याने उत्पादनखर्चातच धरावा. साखरेच्या पोत्यात या मुलांचे श्रम आधीच गेलेले असतात. आणि स्थलांतरित गावांच्या शाळांना पटसंख्येची अट लावू नये.

कृष्णवर्णीय मातापित्यांनी शाळेला नकार दिला तो शाळेत अपमान होतो म्हणून. त्यांच्या नकाराचा मान राखूनही एवढे म्हणावे लागते की, नकार देण्यासाठी आधी शाळा दारात असावी लागते. गेवराईच्या मुलाला ती अजून वर्षाचे बाराही महिने मिळालेली नाही.