छाया कोणाची?

'छाया :' हा एक शब्द आणि पुढे एक नाव. वर्तमानपत्रात याला किती जागा लागते हो? अर्धी ओळसुद्धा नाही! पण आपला गोवा घ्या, नाहीतर दादरा नगर हवेलीतली खेरडी घ्या. फीत कापणाऱ्याचे नाव छापायचे, मागून माना उंचावणाऱ्यांचीही छापायची. फोटो काढणारा तेवढा बेनाम.

सकाळी उद्घाटन, दुपारी अपघात, संध्याकाळी बक्षीस समारंभ. स्कूटर त्याची, पेट्रोल त्याचे. नाव मागितले की उत्तर ठरलेले, "पैसे देतो ना!"

मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही, आणि कायद्यालाही तो पटलेला नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्त-छायाचित्रकाराला संपादकाच्याच यादीत बसवले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ तर सांगते, की हक्क विकले तरी 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यातल्या आझाद गोमंतक दलाच्या विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांची नावे आपण गोमंतकीय अभिमानाने घेतो. नावांची किंमत आपल्याला कळते, ती अशी. मग खेरडीचा आजचा बाजार, शेते, माणसे उद्याच्या पिढीला ज्याच्या डोळ्यांनी दिसणार, त्याचेच नाव का गाळायचे? साक्षीदाराचा पत्ता नसेल, तर साक्ष कोण खरी मानणार?

संपादक महाशय, मानधनाचे भांडण वेगळे, तेही करूच. नाव मात्र उद्याच्याच अंकात छापा.