वरून पाहिले तर उलटे

या सदरात आम्ही बहुधा दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि कचेऱ्यांतले हेलपाटे यांविषयी लिहितो. पाने आणि नटबोल्ट हा काही आमचा विषय नव्हे. आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. घरात नळ गळू लागला तर आमची सौभाग्यवती आम्हाला बाजूला सारून शेजारच्या प्लंबरला हाक मारते. तरी या खेपेला आम्ही एका मच्छीमार होडीच्या इंजिनाविषयी लिहीत आहोत, कारण त्यात आमच्या भाच्याची नोकरी अडकली होती.

आमची धाकटी बहीण रत्नागिरीला दिलेली आहे. तिचा थोरला मुलगा आय.टी.आय.मधून डिझेल मेकॅनिक झाला आणि मिरकरवाडा बंदरातल्या एका मिस्त्रींच्या हाताखाली लागला. मिस्त्री साठीकडे झुकलेले. सगळे बंदर त्यांना चाचा म्हणते. २०२४ सालच्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चार दिवसांची रजा काढून बहिणीकडे गेलो होतो. पहिल्याच रात्री भाचा जेवला नाही. बहीण म्हणाली, "दादा, हा दोन दिवस असाच आहे. विचारलं तर बोलत नाही. तू बघ जरा."

आम्ही त्याला घेऊन बाहेर ओटीवर बसलो. बराच वेळ पाऊस ऐकला. मग तो म्हणाला, "मामा, नट जाम झालाय." आम्हाला वाटले, एवढेच? पण एवढ्यावर ते थांबणारे नव्हते.

ज्यांनी बंदर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या शाकारून ठेवतात आणि याच दोन महिन्यांत रंगकाम, जाळ्यांची दुरुस्ती, इंजिनाची कामे उरकतात. १ ऑगस्टला जायची तयारी हवी. खलाशांना उचल दिलेली असते, त्यांतले कित्येक नेपाळहून आलेले असतात, त्यांचे जेवणखाण नाखवाच्या अंगावर असते. अशा वेळी होडी इंजिनासाठी अडकली की प्रत्येक दिवस नाखवाच्या खिशातून जातो.

काम साधे होते. इंजिनातले जुने तेल काढून नवे भरायचे. इंजिनाच्या तळाशी तेलाचा चेंबर असतो आणि त्याच्या बुडाला तेल सोडायचे भोक. मोटारीखाली माणूस आडवा होतो, बोल्ट काढतो, तेल भांड्यात पडते. होडीत ते जमत नाही. चेंबर आणि होडीचा तळ यांत जेमतेम चार बोटांची फट. म्हणून त्या भोकात बोल्टऐवजी पितळेचे षटकोनी फिटिंग बसवतात आणि त्याला रबरी पाईप जोडून त्याचे टोक हाताशी येईल असे वर बांधतात. टोकाचे बूच काढून तेल बाहेर घ्यायचे. या होडीतला पाईप फुगून कुजला होता, आतून गाळाने बंद झाला होता. म्हणजे पाईप बदलणे आले, आणि फिटिंगमधूनही तेल उतरेना म्हणून फिटिंग काढणे आले. ते निघेना.

भाच्याने दुपारभर जोर केला. पान्याला पाईप लावून लांबी वाढवली. शेवटी पाना सटकला आणि फिटिंगचे कोपरे गोल झाले. नाखवा आला, त्याने वाकून पाहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सर्टिफिकेट भिंतीवर लाव. पगार कापून घेईन." चाचा त्या दिवशी दुसऱ्या होडीवर होते.

नाखवाचा राग अगदीच खोटा नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. चेंबर ॲल्युमिनियमचा होता. त्याचे आटे फाटले किंवा फिटिंग आत मोडले तर इंजिन चेनब्लॉकला लावून उचलायचे, चेंबर सोडवून शहरात लेथवाल्याकडे न्यायचा, आटे नव्याने पाडून आणायचे. चार-पाच दिवस गेलेच. काही रुपड्यांच्या फिटिंगसाठी हंगामाची पहिली फेरी जायची.

पण भाच्याच्या न जेवण्याचे कारण वेगळे होते. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. तो इंजिनाच्या बाजूला पालथा पडून, हात खाली घालून काम करत होता. फिटिंगचे तोंड खाली. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की आटा सुटतो, हे त्याला पाठ. पण ती दिशा डोक्यासमोरून पाहिली तर. हा पाहत होता वरून, म्हणजे मागच्या बाजूने. तेथून सुटण्याची दिशा घड्याळाप्रमाणे होते. तासभर तो सगळा जोर लावून ते फिटिंग आवळत होता! ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता, आणि हे त्याने चाचांना सांगितले नव्हते. "सांगितलं तर म्हणतील, आय.टी.आय.मध्ये काय शिकलास? उद्यापासून येऊ नको म्हणतील," तो म्हणाला.

आता आमच्याजवळ इंजिनाचे ज्ञान नाही, पण उलट्या बाजूचे आहे. नोकरीला लागलो त्या वर्षी आम्ही साडेचारशे रुपयांची एक नोंद जमेच्या बाजूला टाकायची ती नावे टाकली. महिनाअखेरीस ताळा जुळेना, नऊशेचा फरक. बाजू चुकली की फरक दुपटीने दिसतो, हे कॉलेजात शिकलेलो होतो. तरी तीन दिवस आम्ही गप्प राहिलो आणि सगळी कचेरी रात्री आठपर्यंत वह्या चाळत बसली. आमच्या वस्तीतून कचेरीत लागलेले आम्ही पहिलेच. चूक सांगितली तर ती आमच्या एकट्याची राहणार नाही, सगळ्या वस्तीच्या नावावर लिहिली जाईल, अशी भीती होती. चौथ्या दिवशी हेडक्लार्कनेच ती शोधली. त्यांनी चुकीबद्दल काही म्हटले नाही, तीन दिवसांबद्दल मात्र पुष्कळ म्हटले. ही हकिगत आम्ही भाच्याला सांगितली. तो म्हणाला, "मामा, ती वही होती. खोडता येते." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला बरोबर घेऊन गेला. बंदरावर चिखल, डिझेलचा वास, ताडपत्रीवर पावसाचा ताशा. त्याने चाचांना सगळे सांगितले, दिशेचेसुद्धा. आम्ही मामा म्हणून दोन पावले मागे उभे. चाचांनी विडी विझवली आणि विचारले, "किती वेळ आवळलास?" "तासभर." "पाईप लावून?" "हो." चाचा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "बरं झालं बोललास. नाहीतर मी सुटतंय समजून पुढे जोर केला असता, आणि चेंबर फाटला असता." मग आपला आरसा आणि बॅटरी काढून ते आडवे झाले.

पुढचा दीड दिवस आम्ही पाहिले ते येथे लिहितो. रिक्षा, स्कूटर चालवणाऱ्या बांधवांनाही त्यातले बरेच कामाला यावे.

आधी त्यांनी तेल काढले. फिटिंग हट्टाला पेटले म्हणून तेलाने थांबायचे कशाला? डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी घातली आणि हातपंपाने खेचले. बरेचसे आले. पण चाचा म्हणाले, वरून खेचलेले तेल म्हणजे वरवरचे. पाणी तेलापेक्षा जड, ते बुडाला बसते, गाळही तेथेच. होडीच्या इंजिनात पाणी शिरायची भीती जास्त, तेव्हा बुडातून काढणे टळत नाही. आलेले तेल काळे होते. दुधाच्या चहासारखे नव्हते, एवढे समाधान. तसा रंग म्हणजे पाणी मिसळलेले. नाखवाने तेल जूनमध्येच, होडी वर घेताना, इंजिन गरम असताना बदलायला हवे होते, असेही ते पुटपुटले. वापरलेल्या तेलात आम्ल साठते, ते दोन महिने इंजिनात ठेवले तर आतले बेअरिंग खाते. दरवर्षी सांगतात, दरवर्षी नाखवा जुलैवर ढकलतो.

मग जाम का झाले ते त्यांनी आरशात दाखवले. फिटिंगच्या कडेला पांढरी भुकटी होती. होडीच्या तळात खारे पाणी साचते. पितळ आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजते, त्याची भुकटी आट्यांत फुगून बसते. लोखंडाला लोखंड असते तर तांबडा गंज हेच करतो. त्यांनी तारेच्या ब्रशने भुकटी खरवडली, गंज सोडवायचे तेल फवारले आणि रात्रभर तसेच ठेवले. खालून मारलेले तेल वर कसे चढणार, असे आम्ही विचारले. "दिव्याच्या वातीत चढतं ना?" भाचा म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज सुटला होता.

सकाळी बहिणीकडून चहाची मोठी किटली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणवल्या. लाकडी होडी, तळात डिझेल, तेव्हा ज्योत लावायची नाही. गॅसबत्ती आणणाऱ्याला चाचांनी परत पाठवले. भोकाभोवती चेंबरला चिंध्या गुंडाळून त्यांवर उकळते पाणी ओतत राहिले. ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगते, म्हणून भोक सैल होते. चेंबर तापला तशी भाच्याने फिटिंगला बर्फाची पुरचुंडी धरली. मधूनमधून चाचा हातोडीने फिटिंगच्या कडेला हलके टोले देत होते. जोराचे नाहीत, दार ठोठवावे इतकेच.

पान्याचीही एक गोष्ट निघाली. भाच्याकडे होता बारा कोपऱ्यांचा रिंग पाना, आणि तो अंधारात अर्धाच बसला होता. त्यामुळे फिटिंगची खालची अर्धी उंचीच गोल झाली होती, वरचे कोपरे शाबूत. चाचांनी आपल्या पेटीतून सहा कोपऱ्यांची एक गोटी काढली, दोन्ही तोंडांनी मोकळी, आखूड कापून पट्टीला वेल्ड केलेली. ती पार मुळापर्यंत चढवली. आम्हाला मनात आले ते लिहून टाकतो: पेटीत हा पाना असताना पोराला बारा कोपऱ्यांचा देऊन, बॅटरीशिवाय खाली घातले कोणी? तेही चूकच होते. चाचांना ते बोलायचे धाडस आम्हाला झाले नाही. पण ते स्वतःच भाच्याला म्हणाले, "हा पाना आता तुझ्याकडे ठेव."

पाना लावल्यावर त्यांनी आधी केसभर आवळले, मग सोडवले, पुन्हा आवळले. जोर एकदम नाही, वाढवत वाढवत. पाचव्या-सहाव्या खेपेला "टक्" असा आवाज आला. भाचा घाबरला, त्याला वाटले मोडले. चाचांनी हात वर केला. थांबून आरशात पाहिले, फिटिंग सरकले होते. पुढे प्रत्येक वेढ्याला तेल मारत, अर्धा वेढा पुढे, पाव मागे, असे करून बाहेर काढले. मागोमाग काळा दाट गाळ आला, आणि त्यात पाण्याचे थेंब.

चेंबरचे पहिले दोन आटे दुखावले होते. चाचांनी टॅपच्या खाचांत ग्रीस भरून तो हाताने फिरवला, म्हणजे भुकटी ग्रीसला चिकटून बाहेर येते, चेंबरात पडत नाही. नवे फिटिंग, नवा तांब्याचा वायसर, आट्यांना पातळ ग्रीस, वर बाहेरूनही ग्रीसचा लेप. आवळायच्या वेळी पाना भाच्याच्या हातात दिला. तो पालथा पडला, हात खाली घातला, आणि पाना फिरवण्याआधी क्षणभर थांबून बोट हवेत फिरवून पाहिले. सगळे हसले, तोही.

जुने तेल कॅनमध्ये भरून ठेवले. वापरलेले तेल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडते, ते बंदरात ओतू नये. काही जण ओततात, पाण्यावर इंद्रधनुष्य दिसते, त्याचे कौतुक नाही. हातही साबणाने धुवावेत, तेलाचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नयेत. हे आमच्या बहिणीने खास लिहायला सांगितले आहे.

नाखवा संध्याकाळी आला. पगार कापण्याचे बोलणे त्याने पुन्हा काढले नाही, मागे घेतो असेही म्हणाला नाही. चाचांनीच सुनावले, "पोराचा पगार मी देतो, तू तेलाचे पैसे दे." ते मात्र त्याने दिले, थोडे कमी करून.

होडी ऑगस्टात गेली. भाचा अजून तेथेच आहे. बहीण मात्र नाराज आहे. किटली परत मिळाली, पण तिला डिझेलचा वास येतो म्हणते, आणि नव्या किटलीचे पैसे मागते आहे आमच्याकडे.