सायकलवरून इतिहास : वऱ्हाडच्या रस्त्यांसाठी एक प्रस्ताव

संस्थेच्या वाटचालीतील एखादा टप्पा आला की स्मारकाची चर्चा सुरू होते. कोणी प्रवेशद्वारावर कमान सुचवितात, कोणी कोनशिला, तर कोणी प्रांगणात कारंजे. या सूचनांमागील सद्भावना आम्ही जाणतो. तथापि या स्मरणिकेच्या निमित्ताने एक वेगळा प्रस्ताव आम्हांला समाजापुढे ठेवावयाचा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून वसतिगृहासाठी चाळीस सायकली घ्याव्यात आणि दर हिवाळ्यात आठवी-नववीच्या मुलामुलींना शिक्षकांसमवेत सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवरून वऱ्हाडच्या इतिहासस्थळांकडे न्यावे. हा प्रस्ताव सहलीचा म्हणून कोणी वाचू नये. तो शिक्षणाचा आहे, आणि आपल्या मुलांचा या भूमीवर असलेला हक्क त्यांच्या हाती देण्याचा आहे.

आपला विद्यार्थी पानिपतच्या लढाईची तारीख सांगतो, प्लासीची सांगतो. परंतु त्याच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर घडलेल्या लढाईचे नावही त्याच्या कानी पडलेले नसते. दोष त्याचा नाही. संपूर्ण राज्यासाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात वऱ्हाडच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात. ज्या प्रदेशाला पुस्तकात जागा नाही, त्या प्रदेशातील वंचितांना तर समासातही जागा मिळत नाही. मग हा इतिहास शिकवावा कोठे? आमचे उत्तर असे की, तो जेथे घडला तेथे, रस्त्यावर.

अडगाव–अकोट–अंजनगाव सुर्जी–अचलपूर हा रस्ता उदाहरणादाखल घेऊ. उत्तरेकडे सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, मधून कपाशीची शेते, केळीच्या आणि संत्र्याच्या बागा, अंजनगावाकडे पानपिंपरीचे मळे. रस्ता जवळजवळ सपाट आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तो दोन दिवसांत सहज झेपतो. तेल्हारा तालुक्यातील अडगावजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. तेथून इंग्रज पूर्वेकडे सरकले आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला, ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा दख्खनमधील शेवटचा महिना या एका रस्त्याच्या आसपास घडला. वर्गात या चार तारखा पाठ कराव्या लागतात. सायकलवरून हे अंतर तोडणाऱ्या मुलाला मात्र फौज कोणत्या दिशेने गेली, पाणी कोठे मिळाले असेल आणि डोंगर आडवा आल्यावर तोफांचे काय झाले असेल, हे प्रश्न आपोआप पडतात.

तोफांच्या प्रश्नाचे उत्तर गाविलगडावर मिळते. किल्ला उत्तरेच्या बाजूने फोडण्यासाठी स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट तयार करीत तोफा ओढून नेल्या. या मोहिमेच्या इतिहासात वेलस्लीचे नाव आहे, स्टीव्हन्सनचे आहे, लढता लढता पडलेला किल्लेदार बेनीसिंग याचेही आहे. वाट खोदणाऱ्यांची आणि दोर ओढणाऱ्यांची नावे नाहीत. बाबासाहेबांच्या विचारांवर चालणाऱ्या शाळेतील मुलाने गडाच्या दरवाजात उभे राहून पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की हे दगड वाहिले कोणी?

याच रस्त्यावर काळाचे आणखी खालचे थर आहेत. अचलपूरजवळच्या चम्मक या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. त्यात हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे, आणि त्यासोबत अटीही आहेत: त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. अटी मोडल्या तर राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. दानपत्रात दात्याचे नाव आहे, दान घेणाऱ्यांची नावे आहेत. ती जमीन कसणाऱ्यांचे एकही नाव नाही. भूमी, सत्ता आणि वर्ण यांचे नाते समजावून सांगण्यासाठी याहून चांगला पाठ आम्हांला तरी ठाऊक नाही. तो गावाच्या शिवारात बसून शिकविता येतो.

पुढे अचलपूर हे इमादशाहीचे राजधानीचे शहर झाले. १४९० मध्ये स्वतंत्र झालेली ही सत्ता १५७४ मध्ये निजामशाहीने गिळंकृत केली. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूरकडे जाणारा रस्ता मुलांना नरनाळ्याच्या पायथ्याशी नेतो. तेथील महाकाली दरवाजावर १४८७ चा शिलालेख आहे. दगडातील ती सुलेखनकला पाहून कोणीही थबकतो. मुसलमान म्हणजे केवळ आक्रमक, हे आज मुलांच्या कानावर आदळणारे वाक्य त्या दरवाजासमोर टिकत नाही. शासक कोणत्याही धर्माचा असो, करवसुलीचे ओझे कोणाच्या पाठीवर होते आणि कारागिरी कोणाच्या हातांची होती, हे पाहण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला लागली पाहिजे.

आणि अंजनगाव सुर्जी तालुक्यातच शेंडगाव आहे. १८७६ मध्ये येथे जन्मलेले गाडगेबाबा हाती खराटा घेऊन आयुष्यभर पायी फिरले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावती–परतवाडा रस्त्यावरील वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. राजांच्या आणि सेनापतींच्या रस्त्यावर एका परीट घरातील मुलाचे जन्मगाव लागते, हे मुलांना स्वतःच्या पायांनी पेडल मारीत कळावे, असे आम्हांला वाटते.

आता आपल्या धम्माच्या खुणांकडे येऊ. अजिंठा पाहण्यासाठी आपण बसने जातो आणि तो दूरच्या मुलखातील चमत्कार समजून परततो. वस्तुतः अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा वऱ्हाडाशी थेट संबंध आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणजे आजचे वाशीम. त्या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने सोळाव्या क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले, असे तेथील शिलालेख सांगतो. अकोल्याहून वाशीमकडे निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर पातूर लागते. तेथील टेकडीत कोरलेली लेणी आहेत. पुढे घाट, सागाचे रान, मेडशी, मालेगाव आणि मग वाशीम. या महामार्गावर अवजड वाहने फार असल्यामुळे मुलांनी पातूरपर्यंतच जावे, हे आम्ही आवर्जून सांगतो. पण लेण्यासमोर उभे राहून दक्षिणेकडे हात दाखविता येतो, की त्या डोंगरापलीकडे ती राजधानी होती.

दुसरी खूण अधिक निकडीची आहे. तेल्हाऱ्याच्या पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या उत्खननात विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी सापडल्या. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्णेच्या काठी धम्म नांदत होता. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. शेताला पाणी हवे, याबद्दल आमचे दुमत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख आम्ही घरात पाहिले आहे. परंतु जे बुडणार आहे ते काय आहे, हे आपल्या एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट आम्हांला सहन होत नाही. आपण स्तूपांची चित्रे भिंतीवर लावतो आणि शेजारच्या जिल्ह्यातील स्तूपापर्यंत कधी जात नाही.

या प्रस्तावावर आक्षेप येतील, आणि ते रास्तही आहेत. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. मुले पालकांनी आमच्या विश्वासावर सोपविलेली आहेत. म्हणून नियम कडक असावेत: प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, पुढे एक शिक्षक आणि मागे एक, सोबत दुरुस्तीचे साहित्य आणि औषधपेटी घेतलेले वाहन, सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर प्रवास नाही. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याचा घाट हा सुमारे सातशे मीटरचा चढ आहे. तो फक्त मोठ्या मुलांसाठी ठेवावा. उतरताना सायकली वाहनात टाकाव्यात. नरनाळ्याला वनखात्याची परवानगी काढूनच जावे. मेळघाट हा १९७३ मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तेथे वाघ, अस्वल आणि रानगवा हे घरमालक आहेत, आपण पाहुणे.

पाहुणेपणाची हीच जाणीव कोरकू गावांबाबतही हवी. चिखलदरा आज हॉटेलांचे आणि मोटारींचे ठिकाण झाले आहे. तेथे जाणारा पर्यटक कोरकू माणसाला बहुधा काचेतून पाहतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे; तिच्या नात्यातील भाषा झारखंड-ओडिशाकडे बोलल्या जातात. जंगलाच्या नावाखाली कोणाचे गाव उठले, कुपोषणाने कोणाची बालके दगावली, हे विचारल्याशिवाय त्या हिरवाईचे कौतुक करणे आम्हांला अपुरे वाटते. सायकलवरचा माणूस थांबतो, पाणी मागतो, नाव विचारतो. त्यातून जे नाते जुळते ते मोटारीच्या वेगाला जुळत नाही.

दुसरा आक्षेप मुलींविषयी असेल. त्याला उत्तर म्हणून तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याची आठवण द्यावीशी वाटते. १९९१-९२ च्या सुमारास तेथील साक्षरता चळवळीने ग्रामीण स्त्रियांना अक्षरांसोबत सायकल शिकविली आणि हजारो स्त्रिया, त्यांत खाणीत दगड फोडणाऱ्या दलित स्त्रियाही, टीका सोसून रस्त्यावर उतरल्या. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. शाळेपर्यंत जाणारी सायकल गडापर्यंत आणि स्तूपापर्यंत का जाऊ नये?

तिसरा आक्षेप आम्ही अधिक गांभीर्याने घेतो. पालक म्हणतील, आमच्या बापजाद्यांनी पायपीट केली, पोराने शिकून गाडीत बसावे म्हणून त्याला येथे ठेवले, आणि तुम्ही त्याला पुन्हा सायकलवर बसविता? या भावनेमागे पिढ्यांचा अपमान आहे. तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण ज्या वाटेवर आपले आजोबा अंग चोरून चालले, त्याच वाटेवरून नातवाने मान वर करून, शाळेचा गणवेश घालून, हातात वही घेऊन जावे, यात कमीपणा कोणता? मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्यावर नेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते अमरावतीला आले आणि अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. पाणी, रस्ता, देऊळ, शाळा या सार्वजनिक गोष्टी सर्वांच्या आहेत, हे त्या लढ्यांचे सार होते. इतिहासस्थळेही सार्वजनिक आहेत. हक्क कायद्याने मिळतो. तो वापरला नाही तर अंगवळणी पडत नाही.

वेळेचे गणितही आपल्या परंपरेत बसते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास आणि त्यानंतर चारिका, हा भिक्षुसंघाचा क्रम. वऱ्हाडचा उन्हाळा सायकलीला सोसत नाही, पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते. तेव्हा कार्तिकापासून माघापर्यंतचे महिनेच योग्य. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक विद्यार्थ्याने एक पान लिहावे: काय पाहिले, कोणाला भेटलो, कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. ही पाने शाळेत बांधून ठेवावीत. पाच-दहा वर्षांत वऱ्हाडचा, मुलांच्या नजरेतून लिहिलेला एक इतिहास जमा होईल.

माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की आपल्यापैकी कोणी वनखात्यात आहे, कोणी पोलिसांत, कोणी एसटीत, कोणी दवाखान्यात, तर कोणाचे सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. पैशांइतकीच या हातांची गरज आहे. मेळाव्यात स्मारकाचा ठराव येईल तेव्हा हा प्रस्तावही मतास टाकावा. तो मान्य झाला तर पहिली फेरी येत्या हिवाळ्यात अकोटहून तेल्हाऱ्यामार्गे भोनकडे निघावी. त्या स्तूपापर्यंत आपली मुले पाण्याच्या आधी पोहोचली पाहिजेत.

जय भीम! नमो बुद्धाय!