अहिंसाव्रत आणि नेमबाजी

घरातील मुलाने वा मुलीने एअर पिस्तूल नेमबाजी शिकण्याची इच्छा व्यक्त केली, की जैन कुटुंबात प्रथम व्रताचा प्रश्न उभा राहतो. तो अस्थानी नाही. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजेच ‘हिंसादान’, हे शास्त्रकारांनी अनर्थदंडात गणले आहे. म्हणून आजोबांची शंका हसण्यावारी न नेता खेळाचे स्वरूप नीट समजून घ्यावे.

या खेळात लक्ष्य कागदाचे, अंतर १० मीटर आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. पिस्तूल एकाच हाताने धरायचे. दृष्टी लक्ष्यावर नव्हे, तर पिस्तुलाच्या टोकावरील खुणेवर स्थिर ठेवायची. लक्ष्य किंचित अंधूकच दिसले पाहिजे. श्वास क्षणभर रोखून चाप हळूहळू दाबायचा. मन उतावीळ झाले, तर हात खाली घेऊन पुन्हा आरंभ करायचा. न झाडलेली गोळी हेही येथे कौशल्यच ठरते.

परंतु तेच पिस्तूल पाखरावर रोखले, की संकल्पी हिंसा घडते. आणि तिचा त्याग तर श्रावकाने अणुव्रतातच केलेला असतो. म्हणून अनुमतीपूर्वी मर्यादा ठरवाव्यात. नेम केवळ कागदावर. सराव केवळ प्रशिक्षकासमोर. नळी थट्टेतही कोणत्याही जीवाकडे वळवायची नाही. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुतल्याविना अन्नाला स्पर्श नको.

या मर्यादा ज्याला जाचक वाटतात, त्याने आणखी काही काळ थांबणेच श्रेयस्कर.